कागद रिकामा होता

मी एक जुनी, वाकडी पिन आहे. मित्रांनो, कपड्याला लावतात ती पिन नव्हे, आणि कागदाला टोचतात ती टाचणीही नव्हे. मी मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी बसणारी पिन आहे. जाड तार मधोमध दुमडायची, दुमडीपाशी गोल डोके राहू द्यायचे, खालचे दोन पाय एकमेकांना चिकटवायचे, की झाले मी तयार. लांबी म्हणाल तर तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. पाय पसरून बसणाऱ्याला लोक आळशी म्हणतात, पण माझे कामच पाय पसरून बसण्याचे आहे.

ते काम नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. मागच्या ब्रेकला एक गोल थाळी असते. ब्रेक दाबला की ती थाळी चाकाबरोबर गरकन फिरू पाहते. तिने फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला धरून ठेवते. पट्टीला बोल्ट धरतो, बोल्टाला नट धरतो, आणि नटाने धक्क्या-धक्क्याने सैल होत निसटून जाऊ नये म्हणून बोल्टाच्या टोकाच्या भोकात मला ओवतात आणि माझे पाय दोन्हीकडे वळवतात. एवढी मोठी गाडी, तिच्यावर जितेजागते माणूस, आणि शेवटचा पहारा माझा. पूर्वी हे सांगताना माझी मान ताठ व्हायची. आता होत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तारेची भली मोठी वेटोळी एका बाजूने यंत्रात शिरायची आणि दुसऱ्या बाजूने आम्ही बहिणी खळाखळा पडायचो. आम्हाला कुणी मोजले नाही. फावड्याने उचलून तराजूत घातले आणि वजनावर विकले. त्यातली मी एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या हाती लागले. त्याने मला एका निळ्या टाकीच्या गाडीत बसवले आणि गाडीच्या मालकाला बजावले, "हिला किरकोळ समजू नका. आणि एकदा काढली की परत तीच घालू नका. नवी आणा." माझ्या सबंध आयुष्यात माझ्याविषयी कुणी काढलेले चांगले शब्द एवढेच.

पुढे ती निळी गाडी एका घरात आली. ते घर तळमजल्यावर होते. पुढे छोटे अंगण, अंगणाला लोखंडी फाटक, आणि अंगणावर उघडणारी एक खिडकी. घरात चार माणसे होती. आई, आप्पा, दादा आणि छोटी. छोटी नावालाच छोटी. सव्वीस वर्षांची होती आणि विजेचे मीटर वाचण्याचे काम करायची. दिवसभर गल्ल्या-गल्ल्यांतून गाडीवर फिरायचे, दर चार घरांपुढे थांबायचे, मीटरवरचे आकडे टिपायचे आणि पुढे जायचे. तिच्याइतके ब्रेक त्या शहरात दुसरे कुणी दाबत नसेल.

दादा तिचा मोठा भाऊ. तो कारखान्यात लेथवर होता. केसाच्या जाडीचा फरकही त्याला नुसते बोट फिरवून कळायचा. अशा माणसाला दुसऱ्याने केलेले काम कसे पसंत पडणार? गाडी मेकॅनिककडे न्यायची नाही, घरच्या घरी आपण करायचे, असा त्याचा हट्टच होता. लेथवर हुशार असला तरी गाडीच्या बाबतीत तो सुरुवातीला चांगलाच तोंडघशी पडला. एकदा त्याने इंजिनात इतके तेल ओतले की सायलेन्सरच्या धुरामुळे शेजारणीला वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले. एकदा क्लचची तार इतकी सैल ठेवली की क्लच दाबूनही गाडी पुढे पुढे सरकत राहिली आणि फाटकाला जाऊन भिडली. आणि एकदा तर सगळे जोडून झाल्यावर एक स्प्रिंग उरली. ती कुठली, हे कुणालाच सांगता येईना. छोटीने तिला टेबलावर ठेवले आणि महिनाभर ती येईल त्याला सांगत होती, "ही आमची पाहुणी. कुठून आली, दादालाच माहीत नाही."

दादाला ते लागले. तेव्हापासून त्याने एक पद्धत पाडली. काम सुरू करताना जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरायचे. काढलेली प्रत्येक वस्तू त्यावर डावीकडून उजवीकडे, काढली त्या क्रमाने ठेवायची. जोडताना उजवीकडून उचलत यायचे. कागद रिकामा झाला की काम झाले. त्या कागदाला कुणी हात लावायचा नाही, असा घरात सक्त हुकूम होता. शेवटी दादा उभा राहून ओरडायचा, "कागद रिकामा!" आणि छोटी असेल तिथून उत्तर द्यायची, "मग चावी टाक!" दादा चावी उडवायचा आणि ती झेलायची. तीन-चार वर्षे हे असेच चालले, आणि एकदाही काही उरले नाही.

पण मित्रांनो, त्या पद्धतीत एक खोट होती. ती मला दिसायची, कारण मी त्या कागदावर निजलेली असायचे. दादा शेवटी गाडीकडे बघत नसे. तो कागदाकडे बघत असे.

दुसरे म्हणजे तो मला बदलत नसे. "अजून चांगली आहे की," असे म्हणून पकडीने माझे पाय सरळ करायचा आणि परत मलाच वापरायचा. त्याचा माझ्यावर जीव होता असे मी समजत होते. खरे तर नवी आणायला विसरत असेल.

आता आप्पांविषयी सांगते. आप्पा म्हणजे या दोघांचे वडील. चौतीस वर्षे त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काम केले. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या आणि लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, हे त्यांचे काम. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेना. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की आईची किराण्याची यादी, त्यांच्या लाल पेन्सिलीतून काही सुटत नसे. "अहो, दुकानदाराला समजलं म्हणजे झालं ना!" आई वैतागायची. "चूक ती चूक," आप्पा म्हणायचे. त्यांचे टेबल अंगणाच्या खिडकीला लागून होते. टेबलावर पेन्सिलींची पत्र्याची चपटी डबी. दादा सकाळी कामावर निघाला की आप्पा खिडकीत उभे राहायचे, आणि दादा कोपऱ्यावर वळून हात वर करायचा.

त्या रविवारी मागच्या ब्रेकचे लायनर झिजले होते. दादा अंगणात बसला. "छोटे, कागद दे," त्याने हाक मारली. छोटी घाईत होती. तिने हाताला लागला तो कागद बाहेर फेकला. जुन्या रद्दीतला नव्हता तो, त्याच दिवशीच्या अंकाची पुरवणी होती. कुणाच्या लक्षात आले नाही.

सगळ्यात आधी मी निघाले. दादाने माझे पाय सरळ केले आणि मला अगदी डाव्या कडेला ठेवले. माझ्या अंगाला ग्रीसचा गोळा लागलेला होता. माझ्या शेजारी नट, मग बोल्ट, वायसर आणि बाकीचे. सगळे मिळून आम्ही दहा जण. मग चाक आणि थाळी घेऊन दादा घरामागच्या नळावर रॉकेलने धुवायला गेला. तेवढ्यात वाऱ्याने कागदाची डावी कड उचलली आणि माझ्यावर घडी पडली. ग्रीसने ती तशीच चिकटून राहिली.

आप्पा बाहेर आले ते पुरवणी शोधत. रविवारचे शब्दकोडे त्यांनी कधी चुकवले नव्हते. बघतात तर कोडे नटबोल्टांखाली! ते चुकचुकले. दादाला हाक मारली असती तर तो म्हणाला असता, "आप्पा, हात लावू नका," आणि कोडे संध्याकाळपर्यंत अडकून पडले असते. आप्पांनी आतून मागच्या आठवड्याचा अंक आणला, शेजारी पसरला आणि एकेक वस्तू उचलून त्याच क्रमाने, तेवढ्याच अंतरावर त्याच्यावर ठेवली. शब्दाची जागा चुकू न देणारा माणूस तो, नटाची कशी चुकू देईल? नऊ वस्तू पलीकडे गेल्या. दहावी मी घडीत होते. आप्पांनी पुरवणी अलगद उचलली आणि आत नेली. आपण केवढे बेमालूम काम केले, पोराला पत्ताही लागणार नाही, याची त्यांना मनातून गंमत वाटत होती.

अर्ध्या तासाने मी टेबलावरच्या घडीतून ते शब्द ऐकले.

"कागद रिकामा!"

"मग चावी टाक!"

मला गळा असता तर मी फुटेपर्यंत ओरडले असते.

कोडे सोडवता सोडवता आप्पांनी पुरवणीची ती कड उलगडली तेव्हा मी त्यांना सापडले. "ही कसली तार?" असे पुटपुटत त्यांनी मला फडक्याला पुसले आणि मान वर करून खिडकीबाहेर बघितले. मित्रांनो, तो क्षण मी कधीच विसरणार नाही. छोटी फाटकातून गाडी बाहेर काढत होती. दादा हात पुसत होता. एक हाक मारली असती तर दोघेही थांबले असते. पण कागदाची अदलाबदल उघडी पडली असती, आणि शिवाय कोड्यात ‘आठ आडवे’, म्हणजे आठव्या क्रमांकाचा आडवा शब्द, अडलेला होता. आप्पांनी मला पेन्सिलींच्या डबीत टाकले आणि झाकण लावले. टक् असा आवाज झाला.

पुढचे आठ दिवस काही झाले नाही. दादाने नट चांगला आवळला होता, तो लगेच कसा सुटेल? पण रोज शेकडो वेळा ब्रेक, रोज खड्डे. नट केसाकेसाने फिरत होता आणि त्याला अडवायला मी तिथे नव्हते.

नवव्या दिवशी संध्याकाळी छोटीचा आवाज अंगणातून आला. "दादा, ब्रेक दाबला की मागून टक् असं वाजतं रे."

मी डबीत गारठून गेले.

दादाने नट खोलायचे पाने काढले. त्या दिवशी त्याने चेन तपासली. चेन थोडी सैल होतीच, ती ताणली, आणि दोष सापडला म्हणून खूश झाला. दुसऱ्या दिवशी छोटी म्हणाली, "अजून वाजतंय." मग त्याने मागचा मडगार्ड हलवून बघितला, त्याचे स्क्रू आवळले, बाजूच्या स्टँडची स्प्रिंग काढून तेल घालून बसवली. तिसऱ्या दिवशीही आवाज तसाच. मग त्याने शॉकअपवर संशय घेतला, गाडीवर बसून वरखाली उड्या मारल्या, रबरे चाचपली. दर वेळी नवा आरोपी आणि दर वेळी तो निर्दोष. आप्पा खिडकीत बसून हे सगळे ऐकत होते. पत्र्याच्या डबीतल्या त्या तारेशी या आवाजाचा काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नाही. त्यांना मोटारसायकलीतले काही कळत नव्हते, हे मी शपथेवर सांगते.

छोटीने विचारले, "ब्रेकमध्येच नसेल ना काही?"

"ब्रेकमध्ये कसं असेल? ते मी परवाच केलंय. कागद रिकामा होता."

"मग एखाद्या मेकॅनिकला दाखवू का?"

"माझ्या हातची गाडी आहे ती. कुणाला दाखवायची गरज नाही."

"बरं बाबा, रागावू नकोस," छोटी हसली. "रविवारी बघ निवांत."

रविवार यायला तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन गेली. जाताना फाटकापाशी तिने ब्रेक दाबला आणि मला तो आवाज ऐकू आला. टक्. आप्पांनाही ऐकू आला. दादालाही आला. आम्ही तिघांनी ऐकला आणि तिला जाऊ दिले.

एका शाळेसमोरच्या उतारावर तिने ब्रेक दाबला तेव्हा नट आधीच कुठेतरी पडून गेला होता. पट्टी निसटली, थाळी फिरली आणि चाक जागच्या जागी जखडले. हे मला नंतर घरातल्या बोलण्यातून समजले. छोटी दुपारपर्यंत होती. मग नव्हती.

चार दिवसांनी गाडी टेम्पोतून परत आली. दादा तिच्यापाशी खाली बसला. लोंबणारी पट्टी त्याने हातात धरली आणि बोल्टाच्या टोकाच्या रिकाम्या भोकात करंगळीचे नख घातले. मग उठून त्याने आईची पिठाची चाळणी आणली आणि अंगणातली माती चाळायला लागला.

आप्पांनी खिडकीतून विचारले, "काय शोधतोस?"

"पिन," दादा म्हणाला. "एवढीशी असते, तारेची. मी ती घातलीच नाही, आप्पा. पण कागद रिकामा होता. मी बघितला होता. माझ्या डोळ्यांनी बघितला होता. मग पिन गेली कुठं?"

आप्पा टेबलाकडे वळले. त्यांनी डबीचे झाकण उघडले. त्या वेळी त्यांचा चेहरा मी खालून पाहिला. देव करो आणि कुणाचाही चेहरा तसा बघण्याची वेळ माझ्यावर परत न येवो. बाहेर चाळणीची खसखस चालू होती. आप्पांनी झाकण लावले.

त्यांना वाईट म्हणू नका. ते सांगणार होते. आज नको, आई अजून सावरलेली नाही. या आठवड्यात नको, दादा जेवत नाही. मग महिना गेला, आणि महिनाभर का गप्प बसलो, हेही सांगावे लागणार होते. मग वर्ष गेले. गप्प राहणे रोज थोडे अधिक जड होत गेले आणि बोलणे त्याहून जड. मी रोज त्यांच्याबरोबर ते ओझे वाहिले, म्हणून मला माहीत आहे.

दादाने आठ दिवस माती चाळली. गाडीवर ताडपत्री टाकून ती भिंतीला लावून ठेवली. त्यानंतर त्याने पान्याला हात लावला नाही. पण खरे दुखणे वेगळेच होते. त्याला काही पटेनासे झाले. फाटकाला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, चार पावले जायचे आणि परत येऊन ओढून बघायचे. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे. कधी तीनदा, कधी पाचदा. गॅस बंद आहे ना, नळ बंद आहे ना, दिवा मालवला ना. डोळ्यांना दिसायचे की बंद आहे, पण डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? त्या डोळ्यांनी एकदा रिकामा कागद दाखवला होता.

आप्पा खिडकीतून त्याच्या फेऱ्या बघत. शेवटच्या फेरीला कोपऱ्यावरून तो हात वर करायचा. आप्पाही हात वर करायचे आणि मग टेबलापाशी येऊन दोन्ही हातांनी तोंड झाकून बसायचे. कोडे त्यांनी सोडून दिले होते. पेन्सिल काढायला डबी उघडली की मी आत घरंगळायचे आणि टक् व्हायचे. एकदा दादा दारातच थबकला. "काय वाजलं?"

"काही नाही. पेन्सिल."

त्या दिवशी आप्पांनी मला कापसात गुंडाळले. त्यानंतर मी कधी वाजले नाही. पण रिकाम्या घरात, भर दुपारी, डबी बंद असतानाही ते एकदम मान वळवून तिच्याकडे बघत. मी कापसात निपचित असायचे. आणि तरी सांगते, तो आवाज मीसुद्धा ऐकला आहे.

मला आणखी एक गोष्ट छळते. माझे पाय इतक्यांदा वाकवून सरळ केले होते की ते थकले होते. त्या रविवारी मला भोकात घातले असते, तर मी तरी किती दिवस टिकले असते? कदाचित टिकले असते. कदाचित नसते. हे कोडे माझ्या एकटीचे आहे आणि त्याचे उत्तर पुढच्या रविवारी छापून येत नाही.

अशी दोन वर्षे गेली. एका सकाळी कारखान्याचे फोरमन घरी आले. भला माणूस होता. चहाचा कप हातात धरून ते आप्पांना म्हणाले, "तुमच्या मुलासारखा कारागीर माझ्याकडे नाही. पण हल्ली एकेक नग वीस-वीस वेळा मोजतो. मोजून बाजूला ठेवतो, परत उचलतो. कालचा सबंध दिवस तीन नगांत गेला. त्याचे डोळे तरी तपासून घ्या."

दादाने डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. ते ऐकून दादा जास्तच खचला. त्या रविवारी तो एक कागद घेऊन आप्पांच्या टेबलापाशी आला.

"राजीनामा लिहिलाय. मला लिहिता येत नाही नीट. चुका असतील तर बघा."

आप्पांनी चष्मा लावला. मी डबीच्या फटीतून ऐकत होते. आप्पांना मजकूर ओठांत पुटपुटत वाचायची सवय होती. ‘मला माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिलेला नाही, तरी मला कामावरून मुक्त करावे.’ एवढ्यावर ते थांबले. मग त्यांनी डबी उघडली, लाल पेन्सिल काढली आणि ते वाक्य पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खोडले. रेघ वेडीवाकडी गेली. चौतीस वर्षांत त्यांची रेघ कधी तशी गेली नव्हती.

"काय झालं?" दादाने विचारले. "शुद्धलेखन चुकलं का?"

"वाक्य चुकलंय," आप्पा म्हणाले. त्यांनी कापूस सोडवला आणि मला त्या खोडलेल्या ओळीवर ठेवले. "तुझे डोळे बरोबर होते. कागद रिकामाच होता. तो कागद मी बदलला होता."

मग त्यांनी सगळे सांगितले. पुरवणी, कोडे, नऊ वस्तू, ग्रीस, आठ आडवे. काही सुटू दिले नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या ओल्या हातांतून पाणी फरशीवर ठिबकत होते आणि ते पुसायचे तिला सुचत नव्हते.

दादाने मला उचलले. दोन वर्षांनी त्याच्या बोटांचा स्पर्श मला झाला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तू माती चाळत होतास तेव्हापासून."

दादाने मला तळहातावर उलटेपालटे करून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "मी आठ दिवस माती चाळत होतो, आप्पा."

आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दादा मला मुठीत धरून अंगणात गेला. त्याने गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. खाली बसून मला त्या भोकात ओवले आणि माझे पाय दोन्हीकडे वळवले. पुढे नट नाही, पट्टी लोंबलेली, चाक वाकडे. तरी त्याने मला जिथल्या तिथे बसवले. या वेळी त्याने कागद पसरला नव्हता. भोकाकडे बघितले, बोटाने चाचपले, पुन्हा एकदाच बघितले आणि तो उठला. छोटी गेल्यापासून त्याला रडताना मी पाहिले नव्हते. त्या दिवशी गाडीच्या टाकीवर डोके टेकून तो रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनाम्याचा कागद टेबलावरच राहिला आणि दादा कामावर निघाला. फाटकाला कुलूप लावले, एकदा ओढून बघितले आणि चालू लागला. आता मी अंगणात असल्यामुळे मला सगळे स्वच्छ दिसत होते. आप्पा खिडकीत उभे होते. दादा चार पावले गेला, परत फिरला नाही. कोपऱ्यापर्यंत गेला, तिथूनही परत फिरला नाही. कुलूप बंद होते आणि ते बंद आहे यावर त्याचा विश्वास बसला होता. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण कोपऱ्यावर त्याने मागे वळून हातही वर केला नाही. आप्पांनी अर्धा उचललेला हात खिडकीच्या गजावर टेकवला आणि तसाच राहू दिला. त्या सकाळपासून आजपर्यंत दादा एकदाही मागे वळलेला नाही. आप्पा रोज उभे असतात.

मी आता माझ्या जागेवर आहे. राखायला मात्र काही उरलेले नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या किरकोळ वस्तूचे ऐकायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. गाडी स्वतः दुरुस्त करा, हौसेने करा, चुकलात तरी हसा. पण शेवटी कागदाकडे नका बघू, गाडीकडे बघा. आवाज आला तर आपण केलेल्या कामाकडे सगळ्यात आधी बघा. आणि जमिनीवर, टेबलावर, कागदाच्या घडीत एखादी बिनकामाची वाटणारी वस्तू सापडली, तर ती डबीत टाकू नका. हातात धरून मोठ्याने विचारा, "ही कुणाची रे?" आप्पांच्या खिडकीपासून फाटक अवघ्या सहा पावलांवर होते.